मुंगसाची मुळी

दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक गरुड येतो. चाळिशी गाठली की तो उंच कड्यावर जाऊन बसतो, दगडावर आपटून जुनी चोच मोडतो, नवी उगवली की तिने नखं उपटतो, मग पिसं उपटतो, आणि पाच महिन्यांनी नव्या अंगाने आणखी तीस वर्षं जगायला मोकळा होतो. निरोप समारंभापासून विक्री प्रतिनिधींच्या शिबिरापर्यंत ही कथा सगळीकडे सांगितली जाते, आणि तिच्यात खरं काहीच नाही. चोच मोडलेला गरुड उपाशी मरेल. रानातलं त्याचं आयुष्य सत्तरीच्या आसपासही जात नाही. पिसं तो बदलतो, पण एका वेळी थोडी, उडणं चालू ठेवून.

मला या कथेचा राग येतो तो ती खोटी आहे म्हणून नव्हे. तिला गरुडाचं काही कौतुकच नाही, म्हणून येतो. खऱ्या गरुडाच्या एकेका डोळ्याच्या पडद्यावर तीक्ष्ण नजरेची दोन केंद्रं असतात. आपल्या डोळ्यात एकच असतं. एका केंद्राने तो बाजूचं, दूरवरचं बारीक टिपतो, दुसऱ्याने समोरचं. हे ऐकल्यावर क्षणभर आपलाच डोळा अपुरा वाटू लागतो. कड्यावरच्या त्या तपश्चर्येतून असं काही मिळत नाही. तिथे फक्त माणूसच दिसतो, पिसं लावलेला.

वन्य प्राण्यांविषयीच्या नवलाच्या गोष्टी गोळा करणारं हे पुस्तक आहे. अशी पुस्तकं पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीचशी वाचून झाल्यावर हाती यादी उरते: ऑक्टोपसला तीन हृदयं, वॉम्बटची विष्ठा चौकोनी. यादी पाठ होते, विसरलीही जाते. इथे प्रत्येक नवलाला एक प्रश्न जोडला आहे: हे कळलं कसं? कुणी पाहिलं, काय समजलं, आणि काय चुकीचं समजलं? माझ्या मते या विषयातला खरा आनंद त्या प्रश्नात आहे. तो कसा, हे सांगायला मुंगूस सोयीचं आहे.

आपल्याकडची जुनी समजूत अशी की नागाशी झुंज झाली की मुंगूस झाडीत जातं, कुठलीशी मुळी खातं आणि विष उतरवून परत येतं. त्या मुळीच्या नावावर गारुड्यांनी पुष्कळ काही विकलं. प्रत्यक्षात मुंगसाला मुळी लागत नाही. नागाच्या विषाचा मोठा भाग मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतो. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं आणि स्नायू आखडतो. विषाचे रेणू नेमकी तीच जागा अडवतात. निरोप पोहोचत नाही, श्वासाचे स्नायू थांबतात, प्राणी मरतो. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की मुंगसात ही जागाच जरा वेगळी घडलेली आहे. तिच्यावर साखरेच्या रेणूंची साखळी लटकलेली असते. तिच्या अडथळ्याने विषाला तिथे बसता येत नाही, ॲसिटिलकोलीनला मात्र येतं. पुढे २०१५ मध्ये असं दिसलं की डुक्कर आणि रॅटेल यांच्यातही हीच जागा बदललेली आहे, पण वेगळ्या रीतीने. एकाच कुलपाला निरनिराळ्या घराण्यांनी आपापली खीळ घातली.

आता मुळीच्या गोष्टीकडे परत पाहा. ती वेडगळ नव्हती. नाग चावूनही मुंगूस जगतं, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते बरोबर पाहिलं होतं. त्याला कारण हवं होतं, म्हणून मुळी आली. प्राण्यांविषयीच्या ज्ञानाचा इतिहास चाळला तर हाच प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो: पाहणं खरं, कारण खोटं. मधलं अंतर चालून जायला कधी दहा वर्षं लागतात, कधी दोन हजार.

दोन हजारांचं उदाहरण ॲरिस्टॉटलचं. लेस्बॉस बेटावर कोळ्यांशी बोलून आणि मासे चिरून त्याने लिहिलं की एका जातीच्या मुशीची पिल्लं आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात. माशाला नाळ कशी असेल, म्हणून हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १८४२ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते खरं ठरवलं. त्याच ॲरिस्टॉटलने असंही लिहिलं की ईल मासे चिखलातून आपोआप उपजतात. हसू येतं, पण त्याचं निरीक्षण पाहा: कितीही ईल चिरले तरी आत अंडी सापडत नाहीत, वीर्य सापडत नाही. हेही खरंच होतं. १८७६ मध्ये विशीतल्या सिग्मंड फ्रॉइडला त्रिएस्ते इथे ईलचे वृषण शोधायला बसवलं होतं. सुमारे चारशे मासे चिरूनही त्याला ठाम काही सांगता आलं नाही. मनाचा तळ शोधण्याआधी माशाचा शोधून झाला होता, एवढंच. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी वर्षानुवर्षं अटलांटिकमध्ये जाळी टाकून लहानात लहान अळ्या कुठे मिळतात याचा माग काढला आणि १९२२ मध्ये जाहीर केलं की युरोपच्या नद्यांतले ईल हजारो किलोमीटर पोहून सारगॅसो समुद्रात वितात. ईलची जननेंद्रियं त्या शेवटच्या प्रवासातच पुरी वाढतात. नदीतल्या माशात ती सापडणार तरी कशी? २०२२ मध्ये उपग्रह-खुणा लावलेले काही ईल त्या समुद्रापर्यंत पोहोचल्याची नोंद झाली. रानात त्यांना अंडी घालताना मात्र अजून कुणीही पाहिलेलं नाही.

आपल्याकडे हा प्रवाह वेगळ्या वळणाने वाहिला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त हत्तींवर आणि माशांवर तपशिलाने लिहिलेलं आहे. जैन पंडित हंसदेवाचं ‘मृगपक्षिशास्त्र’ पशुपक्ष्यांचे स्वभाव सांगतं; मारुती चितमपल्ली यांच्यामुळे ते मराठीत पोहोचलं. जहांगीर बादशहाने पाळलेल्या सारसांच्या जोडीवर नजर ठेवून नर-मादी आळीपाळीने अंडी कशी उबवतात याची टिपणं केली. बादशहाला सवड होती आणि चिकाटीही होती, हे दोन्ही एका माणसात क्वचित जमतं. या लिखित परंपरेच्या बाजूला एक न लिहिलेली परंपरा आहे: शीळ घालून तित्तराला बोलावणारे फासेपारधी, खेकड्याचं बीळ पाहून आतला खेकडा ओळखणारे कातकरी, वासावरून वाघ किती वेळापूर्वी गेला ते सांगणारे वनमजूर. पुढच्या पुष्कळ शोधांच्या मुळाशी असं कुणीतरी आहे, ज्याचं नाव शोधनिबंधावर नाही.

१८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी मिळून नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. सुरुवातीचं काम संग्रहाचं होतं: मारा, भुसा भरा, मोजा, नाव द्या. आज हे रुक्ष आणि क्रूर वाटतं. पण नाव ठरल्याशिवाय कोणता प्राणी काय करतो हे बोलताच येत नाही. त्या संग्रहातून बाहेर पडून जिवंत पक्ष्यासमोर बसून राहण्याकडे जे वळले त्यांत सालिम अली अग्रभागी. १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला राहत असताना त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर पाळत ठेवली. बहिणाबाईंच्या कवितेमुळे घराघरात पोहोचलेला तो खोपा नर विणतो, हे आधीही माहीत होतं. तो अर्धवट विणून ठेवतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडला की ती आत राहते, तेव्हा तो उरलेलं विणून पुरं करतो; आणि मग लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका हंगामात अशी त्याची अनेक घरं. सुगरणीचा संसार हा आदर्श गृहस्थाश्रम नसून बांधकाम व्यवसाय आहे, हे किहीमच्या त्या निरीक्षणाने सिद्ध केलं.

विसाव्या शतकात प्राण्यांकडे पाहणाऱ्यांचे सरळ गट पडले. अमेरिकेत वर्तनवाद्यांनी प्राण्याला प्रयोगशाळेत आणलं. उंदीर, कबुतर, खटका, दाणा. आत मन आहे की नाही हा प्रश्नच त्यांनी बाद ठरवला. युरोपात कोनराड लोरेंझ आणि निको टिंबर्गन प्राण्याच्या मागे मैदानात गेले, तर कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाशी नाचून अन्नाची दिशा आणि अंतर कसं सांगते ते उलगडलं. तिघांना मिळून १९७३ चं नोबेल मिळालं. टिंबर्गनने १९६३ मध्ये मांडलेले चार प्रश्न आजही उपयोगी पडतात: हे वर्तन शरीरात कशाने घडतं, पिल्लात कसं वाढीला लागतं, त्याचा फायदा काय, आणि पिढ्यांच्या ओघात ते आलं कुठून. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू केलं की वाद होतात, आणि प्राण्यांबद्दलचे निम्मे वाद याच जातीचे असतात. जपानमध्ये किंजी इमानिशी यांच्या विद्यार्थ्यांनी माकडांना नावं दिली, घराणी लिहून काढली. १९५३ मध्ये कोशिमा बेटावर इमो नावाच्या माकडिणीने रताळं पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली आणि ती रीत कळपात पसरली, हे कळलं ते नावांमुळेच. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना हे नामकरण पोरकट वाटलं होतं. (आपल्याकडे वाघांना नावं देऊन त्यांच्या मालिका चालवल्या जातात, ती गोष्ट निराळी.)

या गटांची खरी टक्कर पाहायची तर धारवाडला जायला हवं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने तिथल्या वानरांच्या टोळीत पाहिलं, की बाहेरून आलेल्या नराने जुन्या नराला हुसकावलं आणि अंगावर पिणारी पिल्लं मारली. लोकांनी मान फिरवली. हे विकृत वर्तन असणार, दाटीवाटीने वानरांची डोकी फिरली असणार, असं म्हटलं गेलं. १९७०च्या दशकात सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास करून वेगळं कारण मांडलं. टोळीवरचा नराचा अंमल फार टिकत नाही. पिल्लू पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. दुसऱ्याचं पिल्लू नाहीसं झालं तर ती लवकर येते आणि नव्या नराची संतती जन्मते. हर्डींच्या मांडणीवर वर्षानुवर्षं भांडण चाललं. १९९९ मध्ये नेपाळमधल्या वानरांच्या डीएनए तपासणीतून दिसलं, की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. मराठी वाचकाला या नाट्याची ओळख व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीने आधीच करून दिली होती. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विज्ञानातला वाद मिटायच्या आधी एका मराठी कादंबरीकाराने वानरांची टोळी त्यांच्याच नियमांनी चालताना दाखवली आणि त्यांच्यावर माणसाची नीती लादली नाही, याचं मला अजून अप्रूप आहे.

लादायची नाही, हे म्हणायला सोपं. अडचण अशी की आपण आपल्याच इंद्रियांत कोंडलेले असतो. याकोब फॉन युक्सक्युल या जीवशास्त्रज्ञाने गोचिडीच्या उदाहरणाने हे दाखवलं: तिच्या जगात जनावराच्या घामातल्या एका आम्लाचा वास, ऊब आणि त्वचेचा स्पर्श, बस्स. बाकीचं रान तिच्यापुरतं नाहीच. वटवाघळांच्या बाबतीत हीच गोष्ट उलट बाजूने घडली. १७९० च्या दशकात लाझारो स्पाल्लांझानी यांनी वटवाघळांचे डोळे निकामी करून पाहिलं. ती बिनचूक उडत राहिली, आणि पुन्हा पकडली तेव्हा पोटं किड्यांनी भरलेली होती. जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी कान बुजवले तेव्हा ती धडकू लागली. म्हणजे ती कानांनी पाहतात! निष्कर्ष समोर होता, पण मोठमोठ्या पंडितांना तो हास्यास्पद वाटला. स्पर्शाने कळत असेल म्हणून प्रकरण मिटवलं गेलं. १९३८ मध्ये डोनाल्ड ग्रिफिन या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने वटवाघळं एका नव्या ध्वनिशोधक यंत्रासमोर धरली तेव्हा ती सतत ओरडत आहेत हे कळलं. आपल्या कानांना ऐकू येत नव्हतं, एवढ्या कारणाने शंभरावर वर्षं गेली. १९८४ मध्ये केटी पेन यांना पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ हवेत कसलीशी धडधड जाणवली. ध्वनिमुद्रण वेगाने वाजवल्यावर हत्ती आपल्या श्रवणाच्या खालच्या पट्टीत बोलतात हे उघड झालं. हत्ती आणि माणूस हजारो वर्षं शेजारी राहत होते, माहुतांच्या पिढ्या गेल्या, आणि तरी.

अलीकडच्या काळात नवलाचा मोठा साठा अंगावर बसवलेल्या छोट्या यंत्रांतून आला. २०२२ मध्ये पाच महिन्यांचं गॉडविट जातीचं पिल्लू अलास्काहून निघून कुठेही न उतरता ११ दिवसांत टास्मानियाला पोहोचलं. अंतर सुमारे १३,५६० किलोमीटर. आईबाप आधीच गेलेले, वाट दाखवायला कुणी नाही. आपल्या नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात हे ठाऊक होतं. ते उंच सरळ रेषेत न उडता डोंगरांच्या चढउतारांना धरून उडतात आणि त्यातच ताकद वाचते, हे यंत्रांनी सांगितलं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, हे गृहीतक एका कासविणीने डळमळीत केलं.

हे सारं आज कशासाठी वाचायचं? निव्वळ मजेसाठी वाचलं तरी माझी हरकत नाही, उलट मजा हीच मुख्य आहे असं मी मानतो. पण अकोल्याच्या उसात बिबट्या शिरतो तेव्हा चुकीच्या कारणाची किंमत मोजावी लागते. हे अकोले अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं. जंगल संपलं म्हणून बिबट्या गावात भरकटला, असं आपण धरून चालत होतो, आणि पकडून दूर सोडणं हा उपाय ठरत होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांतून ठिपके जुळवून पाहिलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जिथे जंगल नाही आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात, तिथे दर शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच बिबटे आणि तितकेच तरस निघाले. ते भरकटलेले नव्हते, रहिवासी होते, कुत्री खाऊन राहत होते. विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला, तेव्हा दूर सोडण्याच्या उपायाचं काय होतं हेही दिसलं. गिधाडांची कथा याहून कडू. अँथ्रॅक्सने मेलेलं जनावर पचवणारा हा पक्षी गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने मूत्रपिंडं निकामी होऊन मेला. कारण २००४ मध्ये हाती लागलं, भारतात गुरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर आपल्या तीन जातींची गिधाडं ९७ टक्क्यांहून जास्त घटली होती. आधी रोगराई, उपासमार, विषबाधा अशी सगळी कारणं सुचवून झाली होती.

मराठीत हा विषय पोरका नाही. चितमपल्लींनी रानातली माणसं, त्यांचे शब्द आणि पक्ष्यांची स्थानिक नावं कोशात आणली. माडगूळकरांनी नागझिऱ्यात बसून टिपणं लिहिली. ‘सृष्टिज्ञान’ मासिक तर १९२८ पासून निघतं आहे. कमतरता आहे ती मधल्या वाचकाच्या पुस्तकाची. लहान मुलांसाठी चित्रं आहेत, अभ्यासकांसाठी इंग्रजी नियतकालिकं आहेत. बँकेत नोकरी करून रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवणाऱ्याला, किंवा नातवाच्या प्रश्नांनी भंडावलेल्या आजीला, कारणासकट नवल सांगणारं फारसं काही हाताशी नाही. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. त्यातल्या लेखांत समजूत आधी येते, मग ती कुणी आणि का धरली हे, मग तपास. जिथे शास्त्रज्ञांचं एकमत नाही तिथे तसं म्हटलं आहे. ज्यांना पक्की उत्तरं हवीत त्यांची थोडी निराशा होईल.

उणिवाही सांगून टाकतो. कीटक फार कमी आले आहेत, जे संख्येच्या हिशेबाने अन्यायाचं आहे. समुद्राला किनाऱ्यापलीकडे फारसा हात लागलेला नाही. वाघ मुद्दाम कमी ठेवला आहे. त्याला वाचक मिळवून द्यायची गरज नाही. क्रमाने वाचण्याचीही सक्ती नाही. ज्या लेखाचं शीर्षक वाचून ‘हे तर मला माहीत आहे’ असं वाटेल, तिथून सुरुवात केलेली बरी.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र इथेच देतो, कारण रानाविषयीच्या प्रत्येक व्याख्यानानंतर तो कुणीतरी विचारतंच: साळिंदर काटे फेकून मारतं का? नाही. ते पाठ वळवतं, काटे उभारतं आणि मागच्या मागे शत्रूच्या अंगावर धावतं. काटे मुळाशी सैल असतात, सहज सुटतात आणि रुतून बसतात. झटापट क्षणात उरकते. पाहणाऱ्याला दिसतं ते इतकंच, की साळिंदर तिकडे पळालं आणि काटे इकडे, बिबट्याच्या पंजात. म्हणजे पाहणं इथेही खरंच होतं. जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या मुक्तेश्वरच्या वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या अंगात पन्नासेक काटे शिरले होते. धड शिकार करता येईना, तेव्हा ती माणसांकडे वळली.